जुन्या जीपच्या फ्लोटची गळती आणि व्हायटॉनचे पॅकिंग
महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपची टाकी चालकाच्या आसनाखाली असते, त्यामुळे ती काठोकाठ भरली की फ्लोटच्या (टाकीतल्या इंधनाची पातळी मोजणाऱ्या तरंगत्या भागाच्या) चकतीखालून पाझरणाऱ्या इंधनाचा वास थेट नाकात जातो. पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांच्या एका दुकानातून घेतलेले व्हायटॉन रबराचे पॅकिंग या दुखण्यावर नेमके लागू पडले. कॉर्कचे पॅकिंग स्वस्त असते, परंतु ते सुकून आक्रसते. साधा सिलिकॉन तर पेट्रोलमध्ये फुगून सुटतो, तेव्हा तो फासायला निघालेल्या मेकॅनिकला वेळीच थांबवावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोललाही व्हायटॉन दाद देत नाही, म्हणून जास्तीची किंमत मला खटकली नाही. दुकानदाराने स्क्रूंसाठी सीलिंग वॉशरही आठवणीने दिले, कारण स्क्रूंची भोके आरपार टाकीत उघडतात आणि पॅकिंग नवे असले तरी आट्यांमधून गळती सुरूच राहते. पॅकिंगची भोके मात्र तंग निघाली, ती पंचने वाढवावी लागली. या किमतीत एवढी कसर नको होती. बसवताना बॅटरीची तार आधी काढावी आणि स्क्रू समोरासमोरचे, आळीपाळीने कसावेत. रबरामुळे फ्लोटचे अर्थिंग तुटून इंधनाचा काटा चुकीचा दाखवू लागल्यास चकतीपासून चॅसीपर्यंत स्वतंत्र तार जोडावी.