दयाळू शोमरोनी: रूपक, इतिहास की रस्त्यावरून?

बायबल अभ्यासासाठी टीकाग्रंथ, म्हणजे वचनांचं स्पष्टीकरण देणारा ग्रंथ, निवडताना अडखळला असाल, तर लूकच्या शुभवर्तमानातल्या 10व्या अध्यायातला शोमरोन्याचा दाखला प्रत्येकात उघडून बघा. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) टाळून जातात, आणि परका शोमरोनी त्याला उचलून उतारशाळेत नेतो, अशी ही येशूनं सांगितलेली गोष्ट. फरक लगेच कळतो.

तिसऱ्या शतकात ओरिजेन या आद्य ख्रिस्ती विद्वानानं नोंदवलेलं वाचन रूपकाचं. लुटलेला माणूस आदाम, यरुशलेम नंदनवन, यरीहो हे जग, याजक नियमशास्त्र, लेवी संदेष्टे, शोमरोनी स्वतः ख्रिस्त आणि उतारशाळा म्हणजे मंडळी. पुढे ऑगस्टीन या ख्रिस्ती आचार्यांना तर उतारशाळेच्या रखवालदारात प्रेषित पौल दिसला! प्रार्थनेत हे वाचन आजही मनाला भिडतं. पण शास्त्र्यानं येशूला विचारलं होतं, 'माझा शेजारी कोण?' तो प्रश्न इथे बाजूलाच पडतो. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विननं हे रूपक झटकून टाकलं, ते योग्यच केलं.

ऐतिहासिक पद्धत आधी विचारते, ऐकणाऱ्यांना शोमरोनी म्हणजे कोण वाटत असेल? इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात यहुदी राज्यकर्ता योहान हिर्कानस यानं गरिज्जीम डोंगरावरचं शोमरोन्यांचं मंदिर उद्ध्वस्त केलं होतं. हे वैर माहीत असलं की दाखला बोचतो. कॅथलिक वाचकांनी संकोचायचं कारण नाही. 1943 मध्ये पोप बारावे पायस यांनी मूळ भाषा आणि लेखनप्रकार अभ्यासायला स्पष्ट प्रोत्साहन दिलं.

मात्र पार्श्वभूमीच्या नावाखाली काहीही खपतं. 'प्रेताचा विटाळ टाळायला याजक दुरून गेला' हे स्पष्टीकरण फार लोकप्रिय आहे. पण माणूस अर्धमेला होता, मेलेला नव्हे. शिवाय याजक यरुशलेमहून खाली उतरत होता, मंदिराकडे निघाला नव्हता. आणि बेवारस प्रेताला मूठमाती देण्यासाठी महायाजकानंही विटाळ पत्करावा, असं मिश्ना हा यहुदी नियमांचा जुना संग्रह सांगतो. टीकाकार या गोष्टींची दखल घेतो का, ते तपासा.

मुक्तीच्या ईशज्ञानाचं, म्हणजे गरीब-पीडितांच्या बाजूनं केलेल्या ख्रिस्ती विचाराचं, वाचन वेगळं. पेरूचे गुस्तावो गुटिएरेझ यांनी 1971 मध्ये मांडलं, की शेजारी आयता वाटेत भेटत नाही. आपण वाट सोडून ज्याच्याकडे जातो, तो शेजारी. भारतात 1980 च्या दशकापासून अरविंद निर्मळ आणि इतरांनी दलित ईशज्ञान उभं केलं. तिथे बायबल वाचायची सुरुवातच पीडिताच्या अनुभवापासून होते.

एकच ग्रंथ परवडणार असेल तर ऐतिहासिक घ्या. उपदेश करायचा असेल तर सोबत गुटिएरेझ वाचा. ओरिजेन नंतर, सवडीनं.