प्रोजेक्ट ऑयलर : गणित आधी, कोड नंतर

गणिती प्रश्न प्रोग्राम लिहून सोडवायची, 2001 पासून चालू असलेली ही साइट फुकट आहे. प्रश्न वाचा, हव्या त्या भाषेत प्रोग्राम लिहा, आलेला आकडा भरा. कोड कोणी तपासत नाही. पहिला प्रश्न (1000 च्या आतल्या, 3 किंवा 5 ने भाग जाणाऱ्या संख्यांची बेरीज) दोन ओळींत सुटतो. त्यावर भुलू नका.

चौदावा पाहा: 10 लाखांच्या आतली कोणती संख्या सर्वांत लांब कोलाट्झ साखळी (सम संख्येला 2 ने भागा, विषमला 3 ने गुणून 1 मिळवा, 1 येईपर्यंत) देते? सी किंवा जावात साधा 32 बिटांचा इंट (पूर्णांक, कमाल सुमारे 214 कोटी) घेतला, तर 113383 पाशी गणित फसतं. साखळी 248 कोटींवर जाते आणि आकडा ऋण होतो. 64 बिट घ्या, आधी मोजलेल्या लांब्या अ‍ॅरेत ठेवा. पायथनमध्ये ही अडचण नाही, फक्त वेग कमी.

पंधराव्यात 20×20 जाळीतले, फक्त उजवीकडे किंवा खाली जात एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात पोचणारे मार्ग एकेक मोजत बसलात तर ते 13,784 कोटींहून जास्त भरतात. त्यापेक्षा 40 पावलांपैकी उजवीकडची 20 किती प्रकारे निवडता येतात ते काढा, झालं!

उणीव एकच, पण मोठी: उत्तर चुकलं तर कुठे चुकलं याचा पत्ता लागत नाही. म्हणून प्रश्नातलं छोटं उदाहरण आधी जुळवून पाहा. नोकरीच्या मुलाखतीच्या तयारीसाठी मात्र दुसरं काही शोधा.