लॉगिनच्या वेळी कोसळणारे संगणक : विकतचा अँटिव्हायरस की विंडोजचा डिफेंडर?

पासवर्ड टाकल्यावर ग्रुप पॉलिसी (कार्यालयाने सगळ्या संगणकांसाठी एकत्र ठरवलेले नियम) लागू होते, लॉगिन स्क्रिप्ट चालते, सर्व्हरवरचे ड्राइव्ह जोडले जातात आणि अँटिव्हायरसचा फिल्टर ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात बसून फाइलींवर लक्ष ठेवणारा भाग, यांतील प्रत्येक फाइल उघडण्यापूर्वी तपासतो. असे दोन फिल्टर एकाच वेळी जागे असले, तर संगणक नेमका याच क्षणी अडकण्याची किंवा ब्लू स्क्रीन येण्याची शक्यता वाढते. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याच्या कार्यालयासाठी मला विकतचा अँटिव्हायरस आणि विंडोजसोबतच येणारा डिफेंडर या दोहोंतून निवड करायची होती.

विकतच्या उत्पादनाची बाजू लंगडी नाही. सगळ्या संगणकांची स्थिती एका ठिकाणी दिसते, पेनड्राइव्हवर बंधन घालता येते आणि अडचणीच्या वेळी फोनवर कोणीतरी भेटते. डिफेंडरमध्ये यासाठी स्वतः ग्रुप पॉलिसी लावावी लागते किंवा मायक्रोसॉफ्टची सशुल्क सेवा घ्यावी लागते. जुन्या हार्डडिस्कवर त्याची तपासणीही जड जाते.

माझा कौल मात्र एका त्रासाने ठरवला. परवाना संपला की त्या वर्षी स्वस्त मिळेल ते उत्पादन घेण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु कंट्रोल पॅनलमधून काढलेल्या जुन्या उत्पादनाचा ड्रायव्हर कित्येकदा मागे राहतो आणि नव्याशी भिडतो. मग सकाळी बिले खोळंबलेली असताना प्रत्येक संगणक सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरांसह) सुरू करा, जुन्या कंपनीचे खास रिमूव्हल टूल चालवा आणि ‘एफएलटीएमसी’ (fltmc) या आज्ञेने फिल्टरांची यादी पुन्हा तपासा, हे सारे आलेच. विंडोज १० आणि ११ वर दुसरे उत्पादन आले की डिफेंडर आपणहून बाजूला होतो आणि ते नीट निघाले की परततो. हा समजूतदारपणा मला फार मोलाचा वाटतो.

एकच फिल्टर असला म्हणजे धोका टळला, असे अर्थातच नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले होते. तरीही स्वतंत्र संगणकतज्ज्ञ नसलेल्या लहान कार्यालयाला मी डिफेंडरच सुचवीन. अनेक शाखा असतील, तर विकतचे उत्पादन कदाचित सोयीचे ठरेल; मात्र विंडोज सर्व्हर २०१६ आणि त्यापुढील आवृत्त्यांवर डिफेंडर आपोआप बंद होत नाही, त्यामुळे तेथे तो आधी स्वतः बंद करावा.