आईनं टाकलेलं पिल्लू: दुसऱ्या कोंबडीखाली, बल्बखाली की जोडीदार आणून?

उशिरा फुटलेल्या पिल्लाला कोंबडी चोच मारून हाकलत असेल तर ते दिवसभर तिच्याच पुढ्यात ढकलत बसू नका. डोक्यावरच्या चोचींनी पिल्लू दगावतं. बलक पोटात ओढून घेतलेला असल्यानं पहिले दोन दिवस ते उपाशी मरत नाही. घाई ऊबेची करायची.

गल्लीत किंवा वस्तीवर कुणाची कोंबडी नुकतीच पिल्लं घेऊन उठली असेल, तर माझं मत डोळे झाकून तिच्याकडे. वयातला फरक दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त नको, रंग तिच्या पिल्लांशी मिळता असला तर बरंच. रात्री अंधारात हळूच पंखाखाली सरकवायचं आणि उजाडायच्या आत डालग्याजवळ हजर राहायचं. मारायला लागली तर लगेच काढता येतं. तिनं घेतलं की ऊब, चरणं, घार दिसली की दडणं, सगळं तीच शिकवते. अंड्यांवर दोन-तीन आठवडे बसलेली खुडूक कोंबडीही चालते. कालपरवा बसलेलीचा भरवसा नाही.

अशी कोंबडी मिळाली नाही तर खोकं आणि बल्ब. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीवर साधारण ३५ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ४० च्या वर असतो, तेव्हा दिवसा बल्ब कशाला? पत्र्याखालून खोकं हलवून सावलीत ठेवणं जास्त महत्त्वाचं. डिसेंबरच्या रात्री मात्र बल्ब हवाच, तोही ६० वॉटचा जुना पिवळा. एलईडीनं उजेड पडतो, ऊब येत नाही. लाईट गेली तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवायची आणि हवेला फट सोडून खोक्यावर चादर. ती आपल्याकडे घरोघरी असतेच. तळाला वर्तमानपत्र नको, घसरून पाय फाकतात. शेंगांची कोरडी, बुरशी नसलेली टरफलं चांगली.

पण बल्ब सोबत देत नाही. चोच उघडी टाकून पंख पसरले तर त्याला गरम होतंय. ऊब बरोबर असूनही चिवचिव थांबत नसेल तर ते एकटेपणाचं रडणं. आरसा किंवा मऊ फडकं लावून थोडा वेळ गप्प बसतं, इतकंच.

म्हणून बल्बवर वाढवायचंच असेल तर जोडीदार आणा. एक नको, दोन. एक गेलं तर हे पुन्हा एकटं. बाजारातली रंगवलेली पिल्लं बहुतेक हॅचरीतून वेगळे काढलेले नर असतात. अंड्याच्या आशेनं घेऊ नका, सोबतीला मात्र चालतात. ब्रॉयलर टाळा, भराभर वाढून गावठी पिल्लाला तुडवतं. बाहेरून आणलेल्या पिल्लांबरोबर मानमोडी (राणीखेत रोग) येऊ शकते, तेव्हा खोकं घरच्या कोंबड्यांपासून लांब ठेवा आणि पहिल्या आठवड्यात द्यायच्या लासोटा या मानमोडीवरच्या लसीच्या थेंबांचं पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

खाद्याला स्टार्टरच, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य; नुसत्या ज्वारीच्या कण्यांत प्रथिनं कमी पडतात. पाणी उथळ झाकणात, खडे टाकून.

कोंबडीखाली वाढलेलं पिल्लू आपोआप कळपात मिसळतं. खोक्यातलं मात्र अंगभर पिसं आल्यावर, सहा-आठ आठवड्यांनी, आधी जाळीआड ठेवून मग सोडायचं. एकटंच हातावर वाढवलेलं पिल्लू कोंबडा निघालं तर तो कोंबड्यांपेक्षा तुमच्याच मागे लागेल, आणि मोठा झाल्यावर अंगावरही धावेल.