इंदूरचा राजवाडा आणि सराफा: खायला रात्री जा, बघायला सकाळी

इंदूरला जाऊन आलो म्हटलं की पहिला प्रश्न येतो सराफ्यात काय काय खाल्लं, राजवाड्याचं कोणी विचारतच नाही, आणि खरं सांगायचं तर बरेच जण तो बघतच नाहीत, रात्री खायला जाताना समोर लायटिंग केलेला दिसतो तेवढाच, एक सेल्फी आणि पुढे. म्हणून हा रिव्ह्यू दोन्हीचा मिळून. वीकएंडला जोडून एक रात्र आणि एक सकाळ एवढा वेळ या जुन्या भागाला पुरतो, फक्त सगळं एकाच संध्याकाळी उरकायचा प्लॅन करू नका.

आधी सराफा, कारण तुम्हीही तेच आधी वाचणार. दिवसा इथे खरोखरच सोन्याचांदीची दुकानं चालू असतात, रात्री त्यांची शटर खाली आली की त्याच ओट्यांपुढे कढया आणि तवे लागतात. रात्री गल्लीत माणसं असली की दुकानं सुरक्षित राहतात म्हणून सराफांनीच याला जागा दिली असं तिकडचे लोक सांगतात, पटण्यासारखं आहे. आठला पोचलात तर अर्धी गल्ली अजून लागतच असते, साडेनऊ दहा ही बरी वेळ, आणि अकरानंतर शनिवार असेल तर चालणं हा प्रकार संपतो, मागचे ढकलतील तसं पुढे जायचं. वयस्कर माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर मधल्या वारी जा. बसायला जागा जवळपास नाहीच, दुकानाच्या पायरीवर टेकायचं किंवा उभ्याने खायचं. सगळं शाकाहारी, त्यामुळे आमच्या सासूबाई निवांत होत्या.

सगळ्यात भारी काय, तर भुट्टे का कीस, वादच नाही. मक्याची कणसं किसून तुपात परततात, त्यात दूध आणि मसाला घालून शिजवतात, वरून कोथिंबीर, लिंबू आणि खोबरं. दिसायला अगदीच साधं, पिवळट लगदा, फोटोत तर काहीच दिसत नाही, पण गरम खाल्लं की कळतं लोक एवढं का बोलतात. फक्त तव्यावर ताजं परतलेलं घ्या, कडेला ढीग करून ठेवलेलं देत असतील तर पुढच्या गाडीवर जा. थंडीत गेलात तर गराडू सोडू नका. कोनफळासारखा कंद असतो, तुकडे तळून वर लिंबू आणि जीरावन, म्हणजे तिकडचा चटपटीत कोरडा मसाला, बाहेरून कुरकुरीत आणि आत पिठूळ. हा थंडीतलाच पदार्थ आहे त्यामुळे मला विचाराल तर डिसेंबर जानेवारी हाच खरा सीझन, उन्हाळ्यात जाऊन अर्धा सराफा हुकतो.

साबुदाणा खिचडी बघून आधी नाक मुरडलं होतं, की हे तर घरी दर एकादशीला होतं, इथे येऊन कशाला. पण ती वेगळीच आहे, तुपात परतत नाहीत, वाफेवर गरम ठेवलेला मोकळा साबुदाणा आणि तुमच्यासमोर त्यात मसाला, फराळी चिवडा, लिंबू, कोथिंबीर टाकून कालवून देतात, जवळजवळ भेळेसारखी. हलकी लागते, तळणाच्या मध्ये बरी. खोपरा पॅटिसही चांगलं, बटाट्याच्या पारीत ओल्या खोबऱ्याचं सारण, पण एक दोघांत घ्या, पोट लगेच भरतं.

जोशींचा दहीवडा फेमस आहे तो करामतीसाठी, दह्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात आणि एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले वेगवेगळे टाकून दाखवतात. बघायला धमाल, मुलांनी परत परत करायला लावलं. चवीला चांगला आहे, मऊ आहे, पण दही गोड, महाराष्ट्रातल्या जिभेला जरा जास्तच गोड. आणि तीच माझी सराफ्याबद्दल मुख्य तक्रार. गोडाचा अतिरेक आहे. जलेबा म्हणजे एकच जिलबी पाव किलोच्या वर, मग मालपुवा, त्यावर रबडी, मग मावाबाटी, आणि शिकंजी मागवली तर लिंबू सरबत येत नाही, दुधाचं दाट, सुकामेवा घातलेलं थंड काहीतरी येतं जे पिण्यापेक्षा खाण्याच्या जवळ जातं. एका मोठ्या बोर्डाच्या दुकानात आम्हाला मिळालेली शिकंजी इतकी गोड होती की चौघांत एक संपेना, आणि बदलून द्या म्हटलं तर काउंटरवरच्या माणसाने ऐकूनच घेतलं नाही. चौघं असाल तर गोड एकच मागवा, जलेबा घ्या, गरम असला तर छान लागतो. बाकी हल्ली गल्लीत नूडल्स, पिझ्झा, धूर निघणारं पान असलं बरंच घुसलंय, त्याच्यापुढे सगळ्यात जास्त गर्दी असते, ते सरळ टाळा, ते कुठेही मिळतं.

एक मात्र मानलं, इतकी गर्दी, इतके द्रोण, तरी पायाखाली कचरा नाही. 2017 ते 2023 दरवर्षी स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर पहिलं आलं ते उगाच नाही, आपण द्रोण कुठे टाकायचा म्हणून बघायला लागलो की दुकानदारच बोट दाखवतो.

आता सकाळ. हॉटेलचा ब्रेकफास्ट सोडा आणि राजवाड्याच्या बाजूला कुठल्याही गर्दीच्या ठेल्यावर पोहे खा. वाफेवर ठेवलेले असतात, बडीशेपेचा वास, वरून शेव, कांदा, जीरावन, बाजूला जिलबी. आपल्या कांदेपोह्यांशी तुलना करत बसू नका, मी केली आणि दोन्ही घरांत वाद झाला.

मग राजवाडा. सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी, आणि हे समोर उभं राहून मान वर केल्याशिवाय कळत नाही. मल्हारराव होळकरांच्या काळात, 1747 च्या सुमारास काम सुरू झालं. त्यानंतर तीनदा आग लागली, 1801 मध्ये शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांनी इंदूर लुटलं तेव्हा, मग 1908 मध्ये, आणि शेवटी 1984 च्या दंगलीत. त्यामुळे आत गेल्यावर मागचा भाग बराचसा नव्याने बांधलेला आहे, आणि तो तसा वाटतोही. बाहेरून जो रुबाब आहे तेवढं आत काही नाही हे आधीच सांगते, म्हणजे अपेक्षाभंग नको. पण मल्हारी मार्तंडाचं देवघर आहे, चौक आहे, खांबांच्या कमानी सुंदर आहेत, तासभर छान जातो. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे, त्यामुळे अनेकांना वाटतं त्या इथूनच राज्य करायच्या. त्यांचा कारभार महेश्वरहून चालायचा, इंदूर राजधानी झालं 1818 मध्ये इंग्रजांशी झालेल्या मंदसौर तहानंतर. आमच्या शेजारचा एक हौशी गाइड ग्रुपला भलतंच सांगत होता, ऐकून हात शिवशिवले पण गप्प बसले.

तिथून चालत गोपाळ मंदिर, आणि खान नदीच्या काठी कृष्णपुरा छत्र्या, म्हणजे होळकरांच्या स्मारक छत्र्या. छत्र्यांचं कोरीवकाम खरंच निरखून बघण्यासारखं आहे आणि सकाळी तिथे माणूस नसतो. नदीकडे मात्र फार बघू नका. काच मंदिरही याच भागात, शेठ हुकूमचंद यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं जैन मंदिर, भिंती, खांब, छत सगळीकडे काचच काच. आत फोटो काढू देत नाहीत आणि ते बरंच आहे, त्यामुळे लोक मान वर करून बघतात तरी. मला राजवाड्याच्या आतल्या भागापेक्षा हे जास्त आवडलं.

होळकरांचा दुसरा वाडा, लालबाग पॅलेस, या भागात नाही, रिक्षा करून जावं लागतं, वेळ उरला तरच.

राहायला राजवाड्याच्या अगदी जवळ घेतलं तर रात्री चालत परत येता येतं हा मोठा फायदा, पण आवाज रात्री उशिरापर्यंत येतो, आतल्या बाजूची खोली मागून घ्या. मुंबईहून अवंतिका एक्सप्रेसने रात्रीत पोचता. गाडी नेली तर या भागात आणूच नका, पार्किंग शोधण्यात तुमचा कीस थंड होईल. रंगपंचमीला जात असाल तर तिथली गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, बघायलाच जा, त्या दिवशी राजवाड्यासमोर रंगाशिवाय दुसरं काही जमणार नाही. परत येताना जीरावनचं पाकीट आणि लवंग शेव घ्या, शेव जिथे समोर तळतात तिथूनच, स्टेशनवरची नको.