पोस्टर लावायचं की व्यासपीठावर बोलायचं?
विद्यापीठाच्या संशोधन संमेलनात काम अजून अर्धवट असेल, तर पोस्टरच बरं. परीक्षक जवळ येतात, आलेखावर बोट ठेवून विचारतात आणि कच्चा दुवा तिथेच सापडतो. असा फायदा भाषणात नाही. पोस्टरचा ए-झीरो कागद म्हणजे ८४१ × ११८९ मिमी; मजकूर २४ पॉइंटपेक्षा लहान ठेवलात तर दीड मीटरवरून वाचताना डोळे ताणावे लागतात. छपाईला फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच सामावलेली पीडीएफच द्या, नाहीतर जोडाक्षरं फुटतात, ‘क्ष’च्या जागी चौकोन उमटतो.

निष्कर्ष पक्के असतील तर भाषण निवडा. १० मिनिटांना ८-१० स्लाइड पुरे. मुलं हमखास अडकतात ती प्रस्तावनेत: ४ मिनिटं तिथेच जातात, मग निष्कर्ष घाईत उरकावे लागतात. घड्याळ लावून तीनदा मोठ्याने बोलून पाहा.