चीर पडलेला ब्लॉक माझा नव्हताच

वडिलांनी 1984 साली नंबर लावून घेतलेली प्रीमियर पद्मिनी. दोन वर्षांपूर्वी तिच्यातून जेजुरीला निघालो आणि दिवे घाट निम्मा चढतोय तोच टेंपरेचरचा काटा लाल पट्टीत गेला. शहाणा माणूस तिथंच बाजूला घेतो. मी म्हटलं, वर पोचू आणि मग थांबू. वर पोचेपर्यंत बॉनेटमधून वाफ, मागून पांढरा धूर. डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाळ चहासारखं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं.

गाडी टो करून पेठेतल्या एका गॅरेजला दिली. नाव लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला, "साहेब, एकदा स्वतः येऊन बघा." टेबलावर उघडा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य सांगाडा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध नख अडकेल अशी चीर. त्याने माझं बोट धरून तिच्यावरून फिरवलं. "बोअरिंग, पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग मिळून 80,000 घालाल आणि सहा महिन्यांत परत इथंच याल. माझ्याकडे कमी चाललेलं इंजिन आहे, 55,000 मध्ये बसवून देतो." जुन्या इंजिनाचे मोडीच्या भावाने 3,000 वजा केले. भावाला पाठवायला मी चिरेचा फोटो काढला.

आरसी बुकातल्या इंजिन नंबरचं काय, हे मीच विचारलं होतं. तो हसला. "तुमचाच नंबर ठोकून देतो की! आरटीओच्या चकरा कशाला?" आणि 31 वर्षं सरकारी नोकरी केलेला मी हो म्हणालो. शिवाय जीएसटी वाचेल म्हणून बिलही घेतलं नाही. या दोन गोष्टींत मी फसलो असं म्हणता येत नाही, मी सामील होतो.

दोन महिने गाडी गपगार चालली. मग ऑइल खायला लागली, निळा धूर, सिग्नलला थांबलं की ऑइलचा दिवा लुकलुकायचा. गॅरेजवाला म्हणे, "इंजिन बसतंय अजून." तो बसायची वाट बघायला सांगत राहिला, मी बघत राहिलो. शेवटी ओळखीतून एका म्हाताऱ्या बोअरिंगवाल्याकडे नेली. त्यांनी आधी ऑइल काढलं आणि बोटांत चोळून म्हणाले, "खडखड दाबायला जाड तेल भरलंय." मग माप घेऊन चिठ्ठीवर लिहिलं. या इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 68 मिलिमीटर, हा 69.5 च्याही पुढे गेलेला. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडाही, घासून घासून शेवटच्या मापावर आलेला. "आता सिलिंडरच्या आत नळी, म्हणजे स्लीव्ह, टाकूनच मूळ मापावर येईल. एवढंच करायचं होतं तर स्वतःचं इंजिन का नाही केलं?"

मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा चढवला, फोटो मोठा केला आणि चिरेवरून नजर काढून कोपऱ्यात नेली. तिथं तेलकट धातूवर इंजिन नंबर अर्धा दिसत होता. "हा तुमचा?" आरसी बुक काढलं. पहिलाच आकडा वेगळा. आठ महिने हा फोटो माझ्या खिशात होता.

त्यांचं म्हणणं असं, की पांढरा धूर आणि दुधाळ ऑइल म्हटल्यावर आधी संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधल्या पातळ पट्टीवर, घ्यायचा. हेड ॲल्युमिनियमचं, तापलं की वाकतं. त्यावर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवला की कळतं, फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, भागण्यासारखं आहे का. ब्लॉकची शंका असेल तर लाल डाय लावून पुसायचा आणि वर पांढरी पावडर मारायची, चीर असली तर लाल रेघ उमटते. "आणि हे ज्याला इंजिन विकायचंय त्याच्याकडून करून घेऊ नये. उघडण्याआधी नंबरचा फोटो, आणि मापाची चिठ्ठी बाहेरच्या लेथवरची." माझ्या इंजिनाचं नक्की काय झालं होतं ते आता कोण सांगणार? ते 3,000 ला गेलं.

पुढचं संकट री-पासिंगला, म्हणजे जुन्या गाडीच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत होणाऱ्या तपासणीला. इन्स्पेक्टरने ब्लॉकवरचा रंग खरवडला, कागद ठेवून पेन्सिल घासली. कागदावर ग्राइंडरचे ओरखडे उमटले आणि एक आठ वाकडा. "हे कुणी ठोकलं?" इंजिन बदलल्याचं बिल जोडून आरटीओत रीतसर नोंद केली असती तर हा प्रश्नच आला नसता. गाडी नापास.

गॅरेजवर जाऊन भांडलो. तो शांतपणे म्हणाला, "बिल दाखवा साहेब. आणि नंबर ठोकायला हो कोण म्हणालं?" वकिलांनीही तेच सांगितलं, तक्रार करा, पण पहिला जबाब तुमचा होईल.

गाडी सोसायटीत कव्हरखाली उभी आहे. बुधवारी जमलं तर जुन्या बाजारात जातो. पद्मिनीचा ब्लॉक दिसला की चिंधीने पुसून नंबर वाचतो. एक विक्रेता आता लांबूनच ओरडतो, "काका, तुमचा नाही आला!"